स्टेशनवर सोडलेली माणसं

माझ्या घरमालकांना मी कितीतरी वेळा मरताना पाहिलं होतं. एकदा हृदयविकाराने, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, हातातली औषधाची बाटली सोडून देत. एकदा गावगुंडांच्या काठीने. एकदा लेकीचं लग्न मोडल्याचं पत्र वाचून, आरामखुर्चीत नुसती मान टाकून. दर वेळी मी खाली त्यांच्याच घरात, टीव्हीसमोर, त्यांच्या शेजारी बसून काकूंनी दिलेले पोहे खात ते मरण बघत असे. आणि ते मला हळूच विचारत, "पडलो कसा? बरा पडलो ना?" मी शाळेत गणित शिकवते. विचारलं तर आहे तेच सांगते. जिन्यावरचं मरण बरं होतं, खुर्चीतलं फार लांबलं, असं मी तोंडावर सांगायची आणि ते वर्गातल्या मुलासारखे ऐकून घ्यायचे.

नाशिकरोडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर दोन. वरच्या खोल्यांत मी अकरा वर्षं भाड्याने राहिले. मी मूळची चांदवडची, नोकरी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत. एकटी मुलगी राहणार आणि मालक सिनेमात कामं करणारा, हे कळल्यावर माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या, कपाळाला आठ्या पडल्या. ते स्वतः घर बघायला आले. दारात काका उभे होते. तात्यांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि चपला काढून सरळ त्यांच्यासमोर खुर्चीवर बसून धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"डाक्टरसाहेब, ह्यो गुडघा लय दुखतो. पायरी उतरताना तर पायच टेकवत नाय."

तात्यांनी त्यांना कुठल्या तरी सिनेमात डॉक्टर म्हणून पाहिलं होतं. मी लाजेने अर्धी झाले. काकांनी मात्र खाली वाकून गुडघा नीट बघितला, दोन बोटांनी दाबला आणि सांगितलं, की मी खोटा डॉक्टर आहे, पण गुडघा खरा आहे, तेव्हा खऱ्या डॉक्टरला दाखवा. तोवर रात्री मिठाच्या पुरचुंडीने शेका. जाताना तात्या मला म्हणाले, माणूस चांगला हे, राहा इथं. तात्यांनी शेवटपर्यंत त्यांना डॉक्टरसाहेबच म्हटलं आणि मिठाचा शेकही सोडला नाही.

काकांना सगळे ओळखत आणि कुणालाच त्यांचं नाव माहीत नसे. चाळीस वर्षांत ते नायिकेचे वडील झाले, न्यायाधीश झाले, हवालदार, सरपंच, हेडमास्तर, भटजी, शेजारचे आजोबा झाले. सिनेमे झाले, मग मालिका आल्या. लोक रस्त्यात थांबून बोट नाचवायचे, "अहो तुम्ही ते हे ना..." आणि पुढे काही सुचायचं नाही. काका हसून म्हणायचे, तोच मी. काकू टपाल खात्यात नोकरीला होत्या, त्यांची बदली इथून व्हायची नव्हती, म्हणून काकांनी बिऱ्हाड कधी मुंबईला हलवलं नाही. काम आलं की सकाळच्या गाडीने जायचं, संपलं की परत. मुंबईत राहिला असतात तर मोठे झाला असतात, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, मोठा झालो असतो तर दर वेळी मीच दिसलो असतो. मला ते तेव्हा समजलं नाही. कमी मिळालेल्या माणसाचं हे समाधान असावं, असं मी मनात धरून चालले.

त्यांची एक खोड होती. कुठलीही भूमिका ते पायापासून सुरू करत. छोट्या नटांना बरेचदा कपडे स्वतःचेच न्यावे लागतात, म्हणून त्यांच्या पलंगाखाली एक ट्रंक होती. त्यात वकिलाचा काळा कोट, डॉक्टरचा पांढरा, धोतर-उपरणं, खाकी, सगळं घडी घालून. पण कपड्यांकडे ते शूटिंगच्या सकाळीच बघायचे. पायताणं मात्र दोन दिवस आधी निघायची. न्यायाधीशाचे बूट, सरपंचाच्या करकरणाऱ्या कोल्हापुरी, गरीब बापाच्या झिजलेल्या रबरी स्लिपरा. ती घालून ते दोन दिवस अंगणात, गल्लीत, भाजीबाजारात हिंडायचे. वर पेपर तपासता तपासता मला नुसत्या आवाजावरून कळायचं, की परवा काका कोण होणार आहेत. चेहरा मेकअपवाला करतो, बोलणं लेखक देतो, आपल्याला काय ते खाली गुडघ्यापासूनच करता येतं, असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांना निवृत्त कर्नल व्हायचं होतं. तेव्हा ते चकाकते बूट घालून दोन दिवस कॅम्पात फिरले. बाजारात एका म्हाताऱ्या सुभेदाराने त्यांना खाडकन सलाम ठोकला. काकांचा हातही नकळत वर गेला. घरी आले ते चेहरा पाडून. रात्री नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी साध्या चपला घालून परत कॅम्पात गेले, दोन तास शोधून त्या सुभेदाराला गाठलं आणि मी कर्नल नाही, नट आहे, तुमचा सलाम माझा नव्हे, असं सांगून आले. सुभेदाराने काय केलं, असं मी विचारलं. त्याने मला चहा पाजला आणि बूट मात्र पक्के बांधले होते म्हणाला, असं काकांनी अभिमानाने सांगितलं.

मी त्यांच्याशी भांडायचीही. अभिनय म्हणजे पगारी खोटं, असं मी एकदा ठणकावून म्हटलं. ते अजिबात चिडले नाहीत. "मास्तरीणबाई, तुम्ही फळ्यावर लिहिता ना, क्ष बरोबर पाच मानू? तेव्हा तुम्ही खोटं बोलता का? मी तेवढंच करतो. हा माणूस न्यायाधीश आहे असं मानू, म्हणतो. उत्तर बरोबर आलं म्हणजे झालं." मला पटलं नाही. मानणं निराळं आणि खोटं बोलणं निराळं, असं मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, फरक कुठे आहे ते सापडलं की मलाही सांगा.

या घरात काकूंचा एक कायदा होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी काका हवालदाराचं काम करून त्याच बुटात घरी आले होते आणि त्याच तोऱ्यात पाणी मागितलं होतं. काकूंनी पाणी दिलं नाही. त्यांनी सांगितलं, की तुमचे हवालदार, जज्ज, सरपंच जे कोण असतील ते स्टेशनवर सोडून यायचे. घरात फक्त माझा नवरा येईल. तेव्हापासून काकांच्या पिशवीत तपकिरी सँडलचा एक जोड कायम असे. परतताना नाशिकरोडच्या फलाटावरच्या बाकड्यावर बसून ते पायातलं पिशवीत टाकायचे आणि सँडल चढवायचे. जोड फाटला की तसाच दुसरा. उजव्या पायाचं बक्कल ते मुद्दाम सैल ठेवत, त्यामुळे चालताना टक् आणि मागोमाग छन्न असा बारीक आवाज येई. फाटकापासून पायरीपर्यंत सात शहाबादी फरश्या होत्या. पहिल्या फरशीवर छन्न झालं की स्वयंपाकघरातून काकू म्हणायच्या, "आले." सातव्या फरशीला चहाचं आधण गॅसवर असायचं. मग त्या म्हणायच्या, आज उशीर झाला. आणि काका म्हणायचे, गाडी लेट होती. उशीर झाला नसला तरी हे बोलणं व्हायचंच. चाळीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा म्हटलेला संवाद हाच, असं काका सांगायचे, आणि हा कुठल्या लेखकाने लिहिलेला नाही.

काकूंना त्यांच्या मरण्याचं वाईट वाटत नसे, कारण त्याचाही एक तोडगा ठरलेला होता. सेटवर जुन्या लोकांत रिवाज होता, की मरणाचा शॉट झाला की नटाने उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. म्हणजे मरण तिथंच मिटतं, घरी येत नाही. घरी आल्यावर काकू पहिलं विचारायच्या, हसलात ना? हो म्हटलं की विषय संपला.

आणि मग ती मालिका आली. तिच्यात काकांना काम असं काही नव्हतंच. नायिकेचे वडील मालिका सुरू होण्याआधीच वारलेले होते. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो हवा होता, आणि नायिका रोज त्या फोटोशी बोलणार होती. कामं जमवून देणाऱ्या माणसाचा फोन आला, की एक घरगुती वाटेलसा फोटो लगेच पाठवा. एरवी काका त्या बापाच्या चपला घालून दोन दिवस फिरले असते आणि त्याच्या कपड्यांत नवा फोटो काढून घेतला असता. पण त्या दिवशी अंगात ताप होता. त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि तोच पाठवून दिला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा दोघांनी कॅम्पातल्या स्टुडिओत काढलेला. काकांच्या अंगात काकूंनी विणलेला मरून स्वेटर. आयुष्यात एकदाच त्यांनी घरातलं काही कामावर नेलं.

पहिला भाग आम्ही तिघांनी बघितला. चंदनाचा हार, पुढे समई, आणि कडेला काकूंच्या हिरव्या साडीचा जरासा काठ उरलेला. काकू हसल्या, म्हणाल्या, माझा खांदा कापला की हो यांनी. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, हसलात का? फोटो पाठवताना हसायचा रिवाज कुणी घातलेला नव्हता.

मालिका चालली. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. रोज संध्याकाळी साडेसात वाजता काकांच्या फोटोला हार असायचा. गल्लीतले लोक थट्टा करायचे, काकाही करायचे. त्याच वर्षांत काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी डबे चुकले, मग वार चुकले. टपालात तीस वर्षं गावोगावचे पिनकोड तोंडपाठ असलेल्या त्या बाईला आपल्या गल्लीचं नाव आठवेना. काकांनी कामं घेणं थांबवलं. दिवसा मदतीला विंचूरच्या एक मावशी येऊ लागल्या. काका दिवसभर घरातच, पायात साध्या रबरी स्लिपरा. वर माझ्या खोलीत दुसरा काहीच आवाज येईना, तेव्हा मला पहिल्यांदा त्या घराची भीती वाटली.

एके दिवशी मी शाळेतून आले तर काकू खुर्चीत बसल्या होत्या. कपाळ मोकळं. बांगड्या काढून स्टीलच्या ताटलीत ठेवलेल्या. मला जवळ बसवून त्यांनी माझा हात धरला.

"अगं, हे गेले. तुला कळलं का? मला कुणी सांगितलंच नाही. टीव्हीवर हार घातलेला बघितला तेव्हा कळलं." आणि मग दारात उभ्या असलेल्या काकांकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे त्यांच्यातले कुणीतरी आहेत. बिचारे सगळं बघतायत."

काकांनी पाण्याचा पेला आणून त्यांच्या हातात दिला. काकूंनी त्यांना नमस्कार केला. नंतर मी वर निघाले तेव्हा काका जिन्यापाशी आले आणि म्हणाले, "आमच्या कागदावर पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं, मास्तरीणबाई. कुणीतरी. मी वाईट करत नाही तसले रोल." मी वर जाऊन दार लावून रडले.

डॉक्टरांनी टीव्ही बंद ठेवायला सांगितला. तर साडेसातला काकू त्या काळ्या काचेसमोर बसून रडू लागल्या, की निदान दिसत होते तेही आता दिसत नाहीत. तो परत लावावा लागला. काकांनी त्यांना परोपरीने सांगितलं, की अगं मीच तो. स्वेटर घालून समोर उभे राहिले. त्या सौजन्याने म्हणाल्या, हो, तुमचे डोळे त्यांच्यासारखे आहेत. आपल्या हातानेच आपण हा फोटो भिंतीवरून काढून दिला, हे काकांच्या मनातून जाईना. मी माझ्या बायकोला विधवा करून ठेवलंय, असं ते एकदा म्हणाले, आणि त्यात नाटकी काही नव्हतं.

काकांनी चाळीस वर्षांत कुणाकडे काम मागितलं नव्हतं. मागून घेतलेला रोल अंगाला बसत नाही, असं ते म्हणत. या वेळी त्यांनी मागितला. एकाला फोन केला, दुसऱ्याला केला, मग मालिका लिहिणाऱ्या मुलीला केला आणि सांगितलं, की मला जिवंत करा. काकूंचं सगळं तिला सांगितलं. ती मुलगी चांगली असावी. ती म्हणाली, वडील परत आले तर माझी गोष्टच मोडेल, आजोबा. पण नायिकेच्या लग्नाच्या भागात ते स्वप्नात येऊन आशीर्वाद देतील. चालतंय, फिरतंय, बोलतंय असं माणूस पडद्यावर दिसलं की काकूंचा विश्वास बसेल, असं काकांना वाटलं. हाराशिवाय दिसलो म्हणजे पुरे, ते म्हणाले.

त्या दिवशी मी शाळेत किरकोळ रजा टाकली आणि काकूंजवळ राहिले. काका दीड वर्षाने कामाला निघाले होते. या खेपेला दोन दिवस आधी पायताण निघालं नव्हतं. स्वप्नातल्या माणसाला अनवाणीच यायचं होतं. निघताना पिशवी हातात घेऊन ते दारात घुटमळले. काकूंनी आतून पाहिलं आणि मला म्हणाल्या, ते गृहस्थ निघाले वाटतं. फार केलं हो त्यांनी आपल्यासाठी.

दिवस कसाबसा गेला. दुपारी काकूंनी मला तीनदा विचारलं, की मी कुणाची कोण. संध्याकाळी मावशी गेल्या. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. सात वाजत आले होते. फाटकाची कडी वाजली आणि फरशीवर आवाज आला. टक्, छन्न.

काकूंचा हात थांबला. शेंग तशीच बोटांत राहिली.

"आले," त्या म्हणाल्या.

मग एकदम घाई. करंडा कुठाय, माझा करंडा कुठाय, म्हणून त्या उठल्या. मी कोनाड्यातून काढून दिला. आरशाशिवाय त्यांनी कपाळावर कुंकू टेकवलं, थोडं वाकडंच. तोवर काका उंबऱ्यात आले होते. सवयीने फलाटावर सँडल घालून, पिशवी खांद्याला. समोर काय चाललंय हे त्यांना कळलंच नव्हतं.

"आज उशीर झाला," काकू म्हणाल्या.

या माणसाला मी पडद्यावर एकदाही संवाद विसरताना पाहिलं नव्हतं. ते नुसते उभे राहिले. मी काकूंच्या मागे उभी राहून त्यांना तोंडाने खुणावत होते. शेवटी ते म्हणाले, "गाडी लेट होती."

काकू चहा टाकायला आत गेल्या. काका तिथंच पायरीवर बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून हमसून हमसून रडले. त्या वेळी त्यांना अभिनय येत नव्हता, एवढं मी सांगू शकते.

पाव तासाने काकूंनी त्यांना परत विचारलंच, की तुम्ही जेवूनच जाल ना. पण कुंकू राहिलं. हे मघाशीच आलेत मुंबईहून, दमून आत पडलेत, असं त्यांनी काकांनाच समजावून सांगितलं. मग साडेसातला फोटो लागला तेव्हा त्या नुसत्या म्हणाल्या, फोटो बरा आलाय यांचा. त्यांच्या घरात नवरा तोंडावरून ओळखायचा नसतो, तो फाटकातून यावा लागतो, हे आमच्या दोघांच्याही लक्षात यायला दीड वर्ष लागलं होतं. काका घरातच होते ना. ते कुठं गेलेच नाहीत, मग येणार कसे?

दुसऱ्या दिवशी काकांनी घरातल्या घरात सँडल घालून फिरून बघितलं. काकूंनी त्यांना रागावून चपला बाहेर काढायला सांगितल्या. मग ते बाहेर गेले. त्या दिवसापासून रोज सातच्या सुमाराला काका मागच्या दाराने निघायचे, बोळातून पिठाच्या गिरणीला वळसा घालायचे आणि पुढच्या फाटकाने आत यायचे. कधी खांद्याला पिशवी, कधी हातात भेळभत्त्याची पुडी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, असं ते मला हसून म्हणाले. पण त्या दोन मिनिटांच्या येण्यावर त्यांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढी न्यायाधीशावर कधी घेतली नसेल. फार जोरात आलो का, पिशवी डाव्या खांद्याला बरी वाटते का, असं मला विचारायचे. पाऊस असो, अंगात कणकण असो, एकही संध्याकाळ चुकली नाही. गिरणीवाला आधी हसायचा. नंतर तो काका येताना दिसले की गिरणीचा पट्टा थांबवायचा, आवाज नीट जावा म्हणून.

स्वप्नाचा भागही लागला. काका अनवाणी आले, नायिकेच्या डोक्यावर हात ठेवला, दोन वाक्यं बोलले. काकू लक्ष देऊन बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, हे कोण गं? काम चांगलं करतात. काकांना आजवर मिळालेल्या सगळ्या पावत्यांत ही त्यांना सर्वांत आवडली.

असं दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी काकांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेताना ते मला एवढंच म्हणाले, की सातपर्यंत सोडतील ना? सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले. मी तेव्हा शाळेत परीक्षेच्या ड्युटीवर होते. इतक्या वेळा त्यांना मरताना पाहिलेली मी, तेवढ्याच वेळी नव्हते.

त्यांची लेक बडोद्याहून आली. शहाणी, सरळ मुलगी. दहावा-तेरावा उरकून आईला घेऊन जाणार होती. तिने काकूंना सांगितलं, आई, बाबा गेले. काकू रडल्या, पोटातून रडल्या, आणि अर्ध्या तासात विसरल्या. संध्याकाळी फाटकाकडे बघत म्हणाल्या, अजून आले नाहीत हे. लेकीने परत सांगितलं. त्या परत तशाच रडल्या, पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या. तीन दिवस हेच. आईशी खोटं कसं बोलू, असं लेक मला म्हणाली. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मीही तसलीच आहे.

चौथ्या दिवशी सात वाजले. काकू खुर्चीत बसून दाराकडे बघत होत्या. कुंकू कुणी पुसायला धजलं नव्हतं. "आज फारच उशीर केला यांनी," त्या म्हणाल्या. लेक पदराने हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली, आईपुढे बसली आणि म्हणाली, आई, ऐक, बाबा... मी तिचा खांदा दाबला. ती थांबली.

दवाखान्यातून परत आलेली पिशवी कोपऱ्यात तशीच पडली होती. तिच्यातून मी सँडल काढले आणि मागच्या दाराने बोळात गेले. ते मला मोठे होत होते, टाच मागे रिकामी राहत होती. गिरणीवाल्याने मला पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि पट्टा थांबवला. फाटकाची कडी मी त्यांच्यासारखी टाकली. माझी पावलं लहान आहेत, पण एका फरशीला एकच पाऊल पडायला हवं होतं, म्हणून ताणून टाकली. टक्, छन्न. टक्, छन्न. सातव्या फरशीवर मी थांबले. पुढे दाराचा पडदा होता. पडद्याच्या आत जायचं धाडस मला झालं नाही.

"आले," आतून काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आज उशीर झाला."

मी आयुष्यात कुणाशी खोटं बोललेली नाही. आवाज माझाच होता, बाईचा, आणि तोही फाटका.

"गाडी लेट होती," मी म्हणाले.

"असू दे," काकू म्हणाल्या. "हातपाय धुवा. मी चहा टाकते."